पेटीची किल्ली कोणाकडे होती?

वाचकाचा प्रश्न

अंधेरी पूर्वेला, मरोळच्या औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीत प्रशासन विभाग सांभाळणाऱ्या एका वाचक भगिनींचे हे पत्र आहे. कंपनीत 120 कर्मचारी असून तळमजल्यावर पॅकिंग विभाग आणि वरच्या दोन मजल्यांवर कार्यालय आहे. गेल्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत लेखा विभागातील एक तरुण सहकारी फेफरे येऊन खाली पडला. क्षणार्धात गर्दी जमली. कुणी कांदा आणायला पिटाळले, कुणी दातांत चमचा घालू पाहिला, दोघांनी हातपाय दाबून धरले आणि एकाने मोबाइलवर चित्रीकरणही केले. प्रथमोपचार पेटी कपाटात कुलूपबंद होती आणि ज्यांच्याकडे किल्ली असते ते गृहस्थ त्या दिवशी रजेवर होते. एवढ्या गोंधळात साफसफाईच्या मावशींनी मात्र जवळच्या खुर्च्या बाजूला ओढल्या आणि खांद्यावरच्या टॉवेलची घडी करून ती त्याच्या डोक्याखाली सरकवली. दोन-तीन मिनिटांत झटका थांबला. तो सहकारी आता बरा असून कामावर रुजू झाला आहे.

या प्रसंगानंतर वाचक भगिनींनी सर्व कर्मचाऱ्यांना दोन दिवसांचे सक्तीचे प्रथमोपचार प्रशिक्षण द्यावे, असा प्रस्ताव मांडला. संचालकांच्या मते रुग्णालय दहा मिनिटांवर असताना एवढा खटाटोप कशाला. फार तर एक तासाचा व्हिडिओ दाखवून सर्वांना प्रमाणपत्रे द्यावीत. शिवाय शिकलेल्या माणसाच्या हातून काही चुकले, तर ते कंपनीच्याच अंगाशी येईल, अशी त्यांना धास्ती आहे. सहकारी म्हणतात, ‘आम्ही काय डॉक्टर आहोत?’ भरीस भर म्हणजे प्रथमोपचारक म्हणून याच भगिनींचे नाव सुचवले गेले आहे, आणि रक्त पाहिले की त्यांना घेरी येते. आग्रह धरावा की गप्प बसावे, आणि आपण या कामाला लायक आहोत का, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर

आग्रह जरूर धरा, पण ज्या प्रस्तावासाठी तुम्ही तो धरला आहे, त्याच्यासाठी नको. तुम्ही वर्णन केलेला प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला. त्यात मदत करायला कुणी तयार नव्हते, असे मुळीच दिसत नाही. उलट गरजेपेक्षा जास्त हात त्या मुलावर पडले. कांदा आणायला धावणाऱ्यालाही त्याचे भलेच करायचे होते. उणीव होती ती एवढीच की कुणी काय करायचे हे आधी कुठेच ठरलेले नव्हते, आणि म्हणून प्रत्येकाने आपल्या घरात लहानपणापासून जे पाहिले होते ते केले. सर्वच्या सर्व 120 जणांना दोन दिवस वर्गात बसवले आणि ही वाटणी मात्र केली नाही, तर पुढच्या वेळी प्रमाणपत्र असलेली तेवढीच माणसे त्याच्याभोवती दाटी करतील.

तुमच्या पत्रातले एक वाक्य मात्र तुम्ही ओझरते लिहून पुढे गेला आहात. त्या खोलीत योग्य तेच आणि तेवढेच करणारी व्यक्ती एकच होती, साफसफाईच्या मावशी. त्या तुमच्या 120 जणांत मोजलेल्या आहेत का? पत्रावरून तरी तसे वाटत नाही. बहुधा त्या कंत्राटदाराकडून येत असाव्यात, आणि प्रवेशद्वारावरचा सुरक्षारक्षक, चहा देणारा मुलगा, माल उतरवणारे हमाल हेही तसेच. मुंबईतल्या बहुतेक कार्यालयांत सकाळी सर्वांत आधी येणारी आणि रात्री सर्वांत शेवटी जाणारी माणसे हजेरीपटावर नसतात, म्हणून ती प्रशिक्षणाच्या यादीतही नसतात. मात्र जिन्यावर कुणी घसरले, स्वच्छतागृहात कुणी कोसळले किंवा सुट्टीच्या दिवशी जादा काम करणाऱ्याच्या छातीत दुखू लागले, तर तिथे सर्वांत आधी पोहोचणार तीच माणसे. मी तुमच्या जागी असते तर यादीची सुरुवात त्यांच्यापासून केली असती. त्यासाठी कंत्राटदाराशी एकदा बोलावे लागेल आणि त्या वेळेची मजुरी कापली जाणार नाही हे लेखी घ्यावे लागेल. हे काम किचकट असले, तरी तुमच्या अधिकारातले आहे.

आता त्या दिवशी नेमके काय व्हायला हवे होते, ते एकदा सविस्तर पाहू, कारण असा प्रसंग कोणत्याही कार्यालयात येऊ शकतो आणि त्याविषयीचे गैरसमज फार चिवट आहेत. झटका सुरू होताच पहिले काम म्हणजे घड्याळ पाहणे. आजूबाजूच्या टणक व टोकदार वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ घडी ठेवावी, गळ्याशी घट्ट असलेले बटण किंवा टाय सैल करावा. हातपाय दाबून धरू नयेत. त्याने झटका थांबत नाही, पण स्नायू किंवा सांधा दुखावू शकतो. तोंडात चमचा, रुमाल, बोट, काहीही घालू नये. माणूस जीभ गिळतो ही समजूत खोटी आहे, आणि चमच्याने दात मात्र खरोखर तुटतात. कांदा, चप्पल किंवा लोखंडी किल्ल्यांचा काहीही उपयोग नाही. झटके बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतात, त्यामुळे त्या वेळी जे हुंगवलेले असेल त्याला श्रेय मिळत जाते. झटका थांबला की श्वास नीट चालू आहे याची खात्री करून माणसाला कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ किंवा उलटी श्वासमार्गात जात नाही. तो पूर्ण भानावर येईपर्यंत कुणीतरी एकाने शांतपणे जवळ थांबावे आणि तोवर पाणीदेखील पाजू नये. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, शुद्ध येण्यापूर्वीच दुसरा आला, पडताना इजा झाली, किंवा हा आयुष्यातला पहिलाच झटका असला, तर 108 क्रमांकावर लगेच फोन करावा. यातले एकही काम पेटीवाचून अडणारे नाही. त्या दिवशीही किल्लीपेक्षा घड्याळ आणि मोकळी जागा अधिक मोलाची होती.

रुग्णालय दहा मिनिटांवर असल्याचा मुद्दा संचालकांनी कदाचित रविवारी सकाळी गाडीने जाऊन मोजला असावा. संध्याकाळी सहा वाजता साकीनाक्याच्या सिग्नलवर उभे राहिलेल्या कुणालाही तो पटणार नाही. वाहतूक सुरळीत आहे असे धरले, तरी त्या दहा मिनिटांत फोन लागणे, रुग्णवाहिका निघणे, वसाहतीतला नेमका गाळा सापडणे, रक्षकाने फाटक उघडणे, उद्वाहन खाली येणे आणि स्ट्रेचर त्यात मावत नाही असे लक्षात आल्यावर जिन्याने वर जाणे, यांतले काहीच मोजलेले नसते. हृदय अचानक बंद पडले तर रक्तपुरवठ्याअभावी चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते, आणि छातीवर दाब न देता गेलेल्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते, असे वैद्यकीय मार्गदर्शनात सांगितले जाते. रुग्णालय कितीही नामवंत असले तरी ती पहिली मिनिटे ऑफिसातल्याच माणसांच्या हाती असतात. संचालकांशी वाद घालण्याऐवजी एक करा: एखाद्या कामाच्या दिवशी दुपारी फाटकापासून दुसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या टेबलापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, तो घड्याळ लावून मोजा आणि आकडा त्यांच्यापुढे ठेवा.

व्हिडिओला माझा सरसकट विरोध नाही. फेफऱ्यात काय करू नये, भाजल्यावर काय करावे, हे व्हिडिओतूनही कळते. छातीवर दाब देणे मात्र हातांनीच शिकावे लागते. प्रौढ व्यक्तीच्या छातीच्या मध्यभागी 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 या गतीने दाब द्यायचा असतो, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची असते. ही खोली पुतळ्यावर प्रत्यक्ष दाबून पाहिल्याशिवाय पटत नाही, कारण आपण कुणाला तरी दुखवू या भीतीने हात आपोआप अडखळतो. शिवाय दोन मिनिटांतच दंड भरून येतात, म्हणून दाब देणारा माणूस आळीपाळीने बदलावा लागतो, आणि ही अदलाबदल खंड न पडता करायची तर तिचाही सराव हवा. तडफडल्यासारखे मधूनच येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे, हेही प्रशिक्षक समोर करून दाखवतो तेव्हाच लक्षात राहते. तोंडाने श्वास देण्याचा संकोच वाटणाऱ्यांनी निदान छातीवरचे दाब तरी अखंड द्यावेत; अप्रशिक्षित माणसालाही हाच सल्ला दिला जातो. तासाभराच्या व्हिडिओवर 120 प्रमाणपत्रे वाटणे म्हणजे निव्वळ कागदी घोडे नाचवणे होय, आणि अशा प्रमाणपत्राने भिंत सजते व गैरसमजही वाढतो की आपली तयारी झाली आहे.

प्रशिक्षण देणाऱ्यांत सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि इंडियन रेड क्रॉस सोसायटी या जुन्या संस्था आहेत, काही रुग्णालयेही कार्यालयात येऊन शिकवतात. कुणालाही बोलवा, पण आधी तीन गोष्टी विचारून घ्या. किती जणांमागे एक पुतळा आणणार, प्रत्येकाला स्वतः दाब देऊन पाहायला मिळणार का, आणि शिकवणे मराठी-हिंदीत होणार का. तिसऱ्या प्रश्नाकडे हमखास दुर्लक्ष होते. इंग्रजी स्लाइड्स दाखवून पॅकिंग विभागाला शिकवले असे म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे.

संचालकांच्या कायदेशीर धास्तीची टिंगल करू नका, ती अनेक मालकांना प्रामाणिकपणे वाटते. त्यांना हे सांगा की भारतीय न्याय संहितेच्या कलम 30 मध्ये, संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण आहे. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत हीच तरतूद कलम 92 मध्ये होती. रस्ते अपघातात मदत करणाऱ्यांसाठी 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम 134अ स्वतंत्रपणे घालण्यात आले, मात्र ते रस्त्यापुरते आहे, कार्यालयातल्या प्रसंगाला त्याचा आधार घेऊ नये. शुद्धीवर असलेल्या माणसाला विचारूनच हात लावायचा आणि आपण जे शिकलो त्यापलीकडे जायचे नाही, ही दोन पथ्ये पाळली तर शिकलेला माणूस न शिकलेल्यापेक्षा कमीच धोकादायक असतो. तुमच्या प्रसंगात चमचा घालणारा माणूस प्रशिक्षित नव्हता, हे संचालकांना आठवण करून द्यायला हरकत नाही.

जबाबदारीची दुसरी बाजूही आहे. कारखान्यात प्रत्येक 150 कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी असावी, ती प्रथमोपचाराचे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असलेल्या जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात असावी आणि ती व्यक्ती कामाच्या वेळेत सदैव सहज उपलब्ध असावी, असे 1948 च्या कारखाने अधिनियमाने कलम 45 मध्येच सांगून ठेवले होते. तो कायदा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 मध्ये सामावला गेला आहे, त्यामुळे तुमच्या पॅकिंग विभागाला आज नेमके कोणते नियम लागू होतात हे कंपनीच्या कायदा सल्लागाराकडून एकदा लेखी घ्या. परंतु ‘सदैव सहज उपलब्ध’ या अटीपुढे रजेवरच्या गृहस्थांच्या खिशातली किल्ली कोणत्याही काळात टिकली नसती.

त्या किल्लीचा निकाल मात्र आजच लावा, त्यासाठी कुणाच्या मंजुरीची गरज नसावी. पेटीला कुलूप नको. कापूस-पट्ट्या चोरीला जातात म्हणून कुलूप लावले, असे उत्तर मिळेल. तर जाऊ देत, महिन्याला चार पट्ट्या जास्त लागतील. प्रत्येक मजल्यावर एक पेटी दर्शनी जागी असावी. तीत निर्जंतुक गॉज, गुंडाळपट्ट्या, त्रिकोणी पट्टी, चिकटपट्ट्या, हातमोजे, कात्री आणि श्वास देण्यासाठीचा मुखवटा असावा. कापूस थेट जखमेवर ठेवू नये, त्याचे तंतू चिकटतात. डोकेदुखीच्या आणि पित्ताच्या गोळ्यांचा जो साठा अशा पेट्यांत हमखास सापडतो, तो काढून टाका. गोळ्या वाटणे हे प्रथमोपचारकाचे काम नाही. वापरण्याची मुदत कोण आणि कधी तपासणार, त्याचे नाव झाकणावर चिकटवा.

आता सक्तीविषयी. ‘आम्ही काय डॉक्टर आहोत?’ या प्रश्नामागे आळस आहे असे तुम्ही धरून चालला आहात. मला त्यात भीती दिसते. आपल्या हातून कुणी दगावले तर काय, ही ती भीती. ती सक्तीने वाढते. कुणी घरच्या माणसाला डोळ्यांदेखत गमावलेले असते आणि पुतळ्यासमोर बसणेही त्याला नकोसे होते. त्याला नकार देण्याची मोकळीक हवी. म्हणून सर्वांना अर्ध्या तासाची तोंडओळख आणि इच्छुकांना चार तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, अशी विभागणी मला योग्य वाटते. प्रत्येक मजल्यावर व प्रत्येक पाळीत निदान तिघे शिकलेले असावेत, म्हणजे एक रजेवर आणि एक बैठकीत असला तरी तिसरा सापडतो. त्यांत स्त्रिया आवर्जून हव्यात, कारण स्त्री कोसळली की पुरुष सहकारी संकोचाने मागे सरतात. हृदय बंद पडले असेल तेव्हा मात्र स्त्री-पुरुष न पाहता दाब सुरू करायचे, हे प्रशिक्षणात सर्वांसमोर स्पष्टपणे बोलले जायला हवे.

उरलेल्यांनाही कामे आहेतच. गोविंदा पथकात वर चढणारा एक असतो, पण कोण कुठे उभा राहणार हे सरावाच्या पहिल्या दिवसापासून ठरलेले असते, तसेच हे. एकाने 108 ला फोन करायचा आणि गाळ्याचा क्रमांक, जवळची खूण सांगून समोरच्याने ठेवेपर्यंत फोन ठेवायचा नाही. एकाने पेटी आणायची. रक्षकाने फाटक उघडे ठेवून उद्वाहन तळमजल्यावर थांबवून धरायचे. एकाने गर्दी हटवायची आणि मोबाइल खाली करायला लावायचे. हे नाव-काम लिहिलेला कागद प्रत्येक मजल्यावर लावा. वर्षातून दोनदा, आगाऊ न सांगता, वीस मिनिटांची रंगीत तालीम घ्या. दाब देण्याचे कसब सराव नसेल तर काही महिन्यांतच उतरते, त्यामुळे एकदा शिकून वर्षानुवर्षे निभावेल या भ्रमात राहू नये.

काय शिकवावे, हे तुमच्या जागेवरून ठरवा. पॅकिंग विभागात कटरने हात कापतो; तिथे जखमेवर स्वच्छ गॉज ठेवून सतत घट्ट दाबून धरणे यायला हवे, हळद किंवा कॉफीची पूड भरणे थांबायला हवे. चहाच्या भांड्याशी भाजते. तिथे भाजलेला भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली धरायचा, अंगठी-बांगडी लगेच काढायची, बर्फ वा टूथपेस्ट लावायची नाही. जेवणाच्या खोलीत घास अडकतो. माणसाला बोलता-खोकता येत नसेल तर पाठीवर, खांद्यांच्या मधोमध, पाच थापा आणि मग पोटावर पाच झटके, असे आलटून पालटून करायचे. पावसाळ्यात ओल्या भिंतीशी विजेचा धक्का बसतो. तिथे आधी मुख्य बटण बंद, मग माणसाला हात. आणि श्रावण-नवरात्रात एक प्रकार हमखास घडतो तो असा की मधुमेही सहकारी गोळी घेतो पण उपवास असल्याने खात नाही, मग त्याला दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. तो शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात कालवून द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये आणि 108 ला बोलवावे.

तुमच्या स्वतःच्या लायकीचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात. रक्त पाहून घेरी येणे हा भित्रेपणा नाही. अशा वेळी काहींची नाडी आणि रक्तदाब एकाएकी उतरतो. घेरी येतेसे वाटताच मांड्या, पोट आणि दंडांचे स्नायू काही सेकंद घट्ट आवळून सोडणे, असे पुन्हा पुन्हा केल्याने रक्तदाब सावरायला मदत होते, आणि ते जमले नाही तर तत्काळ खाली बसावे. तरीही जखमा बांधण्याचे काम तुम्हीच घ्यावे असे मला वाटत नाही. फोन, वाटणी, यादी, तालीम, घरच्यांना कळवणे ही सूत्रे हाती घेणारी व्यक्ती तुमच्या कंपनीत आज नाही, आणि ते काम तुम्हाला उत्तम जमेल. तसे लेखी कळवा: ‘समन्वयाची जबाबदारी मी घेते, प्रथमोपचारक म्हणून प्रत्येक मजल्यावरचे इच्छुक नेमावेत.’ संचालकांकडे दोन दिवस मागू नका. शनिवारचे चार तास, दोन तुकड्यांत, एवढेच मागा आणि पहिल्या तुकडीत त्यांनाही बसवा. पुतळ्यावर दोन मिनिटे दाब देऊन झाल्यावर व्हिडिओचा आग्रह ते बहुधा स्वतःच सोडतील.

हे सगळे सुरू करण्यापूर्वी त्या तरुण सहकाऱ्याशी एकांतात बोला. प्रशिक्षण त्याच्यामुळे होते आहे, अशी कुजबुज आताच सुरू झाली असणार. ज्याने चित्रीकरण केले त्याच्याकडून ते तुमच्यासमोर पुसून घ्या, इतर कुणाला पाठवले असेल तर तिथूनही, आणि प्रशिक्षणात उदाहरण म्हणून त्याचा प्रसंग सांगितला जाणार नाही याची प्रशिक्षकाला आधीच ताकीद द्या. त्याला विचारा की पुन्हा असे झाले तर घरी कुणाला कळवायचे, कोणत्या डॉक्टरांचे उपचार चालू आहेत, आणि शेजारच्या टेबलावरच्या कुणाला हे माहीत असलेले चालेल का. तो नको म्हणाला तर ती माहिती तुमच्यापाशी बंद पाकिटात ठेवा, आणि तुम्ही रजेवर असाल तेव्हा ते पाकीट कुणाकडे असेल, हे त्याच्या संमतीने आधीच ठरवा.